सूडानंतरचे ८७ दिवस

'नेतृत्व' या विषयावर प्रशिक्षण वर्गांत बोलणारे बरेचसे व्याख्याते कधी ना कधी 'ग्लॅडिएटर' या चित्रपटापाशी येतात. प्रोजेक्टर सुरू होतो. जर्मेनियातील थंडगार रान दिसू लागते. सेनापती मॅक्सिमस चिमूटभर माती उचलून हातांना चोळतो, सैनिकांच्या रांगांमधून त्यांची विचारपूस करीत जातो आणि घोडदळाच्या अग्रभागी राहून शत्रूवर तुटून पडतो. एवढा तुकडा संपला की दिवे लागतात आणि व्याख्याता विचारतो, या माणसासाठी त्याचे लोक मरायला का तयार होतात? नव्याने सेवेत आलेली मुले-मुली उत्साहाने उत्तरे देतात. अशा वर्गांना मी श्रोता म्हणून बसलो आहे आणि वक्ता म्हणूनही उभा राहिलो आहे. रिडली स्कॉट यांचा हा २००० सालचा चित्रपट मला आवडतो, आणि हे मी आधीच सांगून टाकतो. परंतु प्रशासनात येणाऱ्या मुलांपुढे तो आदर्श म्हणून ठेवण्यास माझा आक्षेप आहे. तो सविस्तर मांडावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

आक्षेप पहिल्यांदा नेमका सुचला तो पहाडगंजात. सरकारी कामासाठी दिल्लीत आलेला आणि पहाटेच्या गाडीने परतणारा मनुष्य नवी दिल्ली स्टेशनासमोरच्या पहाडगंजात एक रात्र काढतो, तशी मीही काढली. लॉजच्या खोलीतील दूरचित्रवाणीवर हा चित्रपट लागला होता. संध्याकाळी देशबंधू गुप्ता मार्गावरून येताना 'शीला' चित्रपटगृहाची बंद इमारत पाहिली होती. १९६१ साली सुरू झालेले हे चित्रपटगृह सत्तर मिलिमीटरच्या पडद्याचे भारतातील पहिले. ते २०१७ साली बंद पडले. रोमन साम्राज्यावरचे भव्य चित्रपट ज्या प्रकारच्या पडद्यासाठी काढले जात, तो पडदा या देशात आला तो या पहाडगंजात. आणि मी मात्र त्याच्यापासून चार पावलांवर, पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या वीतभर काचेत रोम पाहत होतो! एकटे पाहण्याचा एक लाभ असतो. शेजारच्यांच्या टाळ्यांनी डोळे भरून येत नाहीत, त्यामुळे एरवी नजरेतून निसटणारी दृश्ये दिसतात.

असे एक दृश्य त्या रात्री दिसले. वृद्ध सम्राट मार्कस ऑरेलियस याला सत्ता सिनेटकडे परत सोपवायची आहे आणि ते काम तो मॅक्सिमसवर टाकतो. हे कळताच मुलगा कॉमोडस बापाला मिठीत गुदमरवून मारतो, मॅक्सिमसच्या वधाचा हुकूम काढतो आणि त्याच्या बायको-मुलाचीही हत्या करवतो. कॉमोडस राजधानीत परतल्यावर सिनेटर ग्रॅकस त्याच्यासमोर कागद घेऊन उभा राहतो. विषय असतो शहराच्या प्रश्नांचा, आणि यादीत पहिला असतो ग्रीक वस्तीतील स्वच्छतेचा. तिथे साथ पसरू लागली आहे, ती रोखायची आहे. सम्राट कंटाळतो, बोलणे मध्येच तोडतो, प्रजा ही आपली लेकरे असल्याचे काहीबाही ऐकवतो. पुढे दीडशे दिवसांच्या खेळांची घोषणा होते, मॅक्सिमस गुलाम होऊन आखाड्यात उतरतो आणि आपण सारे ग्रीक वस्ती विसरून जातो. चित्रपटही विसरतो. अडीच तास संपतात, खलनायक मरतो, नायकही मरतो, मरता मरता ग्रॅकसला पुन्हा अधिकारपदी बसवा असे सांगतो. त्या सांडपाण्याचे पुढे काय झाले, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

हे हसण्यावारी नेण्याजोगे वाटेल. पण मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत साम्राज्यभर खरोखरच महामारी होती. इसवी सन १६५च्या सुमारास पूर्वेकडून परतलेल्या सैन्याबरोबर ती आली आणि पुढे अनेक वर्षे माणसे मारीत राहिली. म्हणजे पटकथाकाराने त्या कागदावर जो विषय लिहिला तो त्या काळातला जिवंत विषय होता. प्रजेच्या दृष्टीने तो कॉमोडसच्या क्रौर्यापेक्षा मोठा होता. तरी चित्रपटगृहातील एकाही प्रेक्षकाला तो आठवत नाही. सूडाची कथा असेच करते. ती समोर एक चेहरा ठेवते, साऱ्या दुःखाचे कारण तो चेहरा आहे असे पटवते, आणि तो नाहीसा झाला की दुःख संपले असे सांगून दिवे लावते.

इतिहासातील हकीकत यापेक्षा फार निराळी आहे, आणि प्रशासनाच्या अभ्यासकाला ती अधिक उपयोगाची आहे. मार्कस ऑरेलियसला मुलाने मारले नाही. १७ मार्च १८० रोजी तो छावणीत आजाराने वारला. सत्ता सिनेटला परत देण्याचा त्याचा बेतही नव्हता. उलट १७७ सालीच त्याने कॉमोडसला सहसम्राट करून ठेवले होते. त्याच्या आधीच्या चार सम्राटांनी पोटचा मुलगा नसल्यामुळे योग्य मनुष्य दत्तक घेऊन गादीवर बसवला होता. तत्त्वचिंतक म्हणून जगाने ज्याला डोक्यावर घेतले त्याला मुलगा होता, आणि त्याने तो बसवला. वाईट नेमणूक एका सज्जनाच्या सहीने झाली, हे आपल्यापैकी ज्यांनी आयुष्यभर नस्त्या हाताळल्या त्यांना फारसे नवल वाटण्याजोगे नाही.

कॉमोडसने बारा वर्षे राज्य केले आणि तो खरोखर आखाड्यात उतरत असे. इतिहासकार कॅशियस डिओ त्या वेळी सिनेटर होता. त्याने लिहून ठेवले आहे की सम्राटाने शहामृगाचे मुंडके कापले, ते एका हातात आणि रक्ताळलेली तलवार दुसऱ्या हातात घेऊन तो सिनेटरांच्या आसनांपाशी आला आणि काही न बोलता दात विचकून मान हलवू लागला. डिओला भीतीपेक्षा हसूच अधिक येऊ लागले. हसलो तर मेलो, म्हणून त्याने डोक्यावरच्या मुकुटातील पाने तोडून चघळली आणि शेजाऱ्यांनाही चघळायला लावली. वरिष्ठांच्या बैठकीत ओठ चावून बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांनी डिओला आपला पूर्वज मानायला हरकत नाही. आखाड्यातील एका दिवसाच्या हजेरीसाठी सम्राट सरकारी निधीतून दहा लाख सेस्टर्स घेई, असेही डिओ सांगतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

कारभार पाहायचा सम्राटाचा खासगीकडील अधिकारी क्लिअँडर. तो पदे विकत असे. एका वर्षात त्याने पंचवीस कॉन्सल नेमल्याची नोंद आहे. एरवी वर्षारंभी दोनच होत, आणि नंतर बदलून आले तरी एवढी गर्दी कधीच नसे. १९० साली रोममध्ये धान्याची टंचाई झाली. धान्यपुरवठ्याचा प्रमुख पापिरियस डायोनिसियस याने ती टंचाई मुद्दाम वाढवली, जेणेकरून लोकांचा राग क्लिअँडरवर यावा. लोक शर्यतीच्या मैदानातून उठले, सम्राटाच्या निवासाकडे निघाले, आणि घाबरलेल्या कॉमोडसने क्लिअँडरचे मस्तक त्यांच्या हवाली केले. जमाव शांत झाला. चित्रपटकाराला हा प्रसंग सुचला नाही याचे मला वाईट वाटते. पण त्यात नायक कोणाला करणार? पुरवठा अधिकाऱ्याला?

पुरवठ्याचा विषय निघाला म्हणून पुन्हा पहाडगंजाकडे येतो, कारण ज्या गल्ल्यांमध्ये आज परदेशी प्रवाशांसाठी लॉज आणि कपड्यांची दुकाने आहेत त्यांच्या जागी मोगल काळात धान्याचा मोठा बाजार होता. मार्च १७३९मध्ये कर्नालची लढाई जिंकून नादिरशाह दिल्लीत आला. त्याच्या सरदाराने काही शिपायांना पहाडगंजात पाठवले. काम काय, तर धान्याची कोठारे उघडायची आणि भाव ठरवून द्यायचा. व्यापाऱ्यांना तो भाव मान्य नव्हता. जमाव जमला, शिपाई मारले गेले. नादिरशाह मेल्याची अफवा उठली आणि शहरात ठिकठिकाणी इराणी सैनिकांवर हल्ले झाले. दुसऱ्या दिवशी, २२ मार्च रोजी सकाळी, नादिरशाह चांदनी चौकातील सुनहरी मशिदीत जाऊन बसला आणि कत्तलीचा हुकूम दिला. दुपारपर्यंत मेलेल्यांचा अंदाज वीस ते तीस हजारांचा केला जातो. सूडाचा हा हिशेब पाहा. सुरुवात धान्याच्या दरावरून, शेवट प्रेतांच्या राशीवर. आणि ज्यांची डोकी उडाली त्यांतील किती जणांनी पहाडगंजातला तो दंगा पाहिला तरी होता?

याच दिल्लीच्या वेशीवर दोनच वर्षे आधी बाजीराव पेशवे येऊन ठेपले होते. १७३७च्या मार्चअखेरीस, आजच्या पहाडगंजापासून फार लांब नसलेल्या रकाबगंजाच्या बाजूला मराठ्यांची बादशाही फौजेशी गाठ पडली आणि बादशाही फौज मोडली. शहर जाळण्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. तो सोडून ते मागे फिरले. चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कारणही कळवले. बादशाही बरबाद करण्यात लाभ नाही, आणि मर्यादा ओलांडली तर पुढच्या राजकारणाला जागा राहत नाही, अशा आशयाचे ते आहे. शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण ही माघार घाईने उरकतो. मला विचाराल तर नेतृत्वाच्या वर्गात सांगण्याजोगी गोष्ट ती आहे. आग लावण्याची ताकद हातात आहे, समोर कोणी अडवणारे नाही, आणि तरी मनुष्य उद्याचा विचार करून मशाल विझवतो. याचा चित्रपट काढणे अवघड आहे हे मला मान्य आहे.

मराठी इतिहासात रोमसारखा प्रसंग शोधायचाच तर तो ३० ऑगस्ट १७७३चा. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी कापले. काका रघुनाथरावांनी गादी घेतली. कागदावर 'ध'चा 'मा' झाला ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. खरी असो वा नसो, सरकारी कागदावरील खाडाखोड किती महाग पडू शकते हे नव्या अव्वल कारकुनाला समजावायला तिच्यासारखी गोष्ट नाही! चित्रपटात या जागेवरून एक मॅक्सिमस निघाला असता. पुण्यात रामशास्त्री प्रभुणे निघाले. त्यांनी चौकशी केली, पेशवेपदावर बसलेल्या माणसाला तोंडावर दोषी ठरवले, याला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे सांगितले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. त्यांच्या हातात तलवार नव्हती, आणि ती त्यांनी मागितलीही नाही.

त्यानंतर जे घडले ते कारभाऱ्यांनी घडवले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस आणि इतरांच्या बारभाईंनी गंगाबाईंच्या नावाने कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि अर्भकाच्या नावाने राज्य चालू लागले. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, युद्ध झाले, आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ते मिटले. रघुनाथरावांचे काय झाले? त्यांना नेमणूक बांधून देण्यात आली. ते कोपरगावास जाऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले. म्हणजे ज्यांना न्यायाधीशाने देहान्त सांगितला त्यांना दौलतीने तनखा दिला. असा शेवट पाहून कोणता प्रेक्षक समाधानाने घरी जाईल? मलाही तो पुरता पचलेला नाही. रामशास्त्र्यांचा निकाल अमलात आला नाही ही बोच राहतेच. परंतु त्या नऊ वर्षांत गादी लिलावाला निघाली नाही, वसुली, टपाल, गडकोट आणि न्यायसभा चालू राहिल्या, आणि इंग्रजांना बारभाईंशी तह करावा लागला. सूड पुरा होण्याची वाट राज्याने पाहिली नाही, हे त्या कारभाऱ्यांचे मोठेपण मला वाटते.

आता कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे, पण मॅक्सिमसने करायचे काय होते? अर्ज द्यायचा होता? आणि तो कोणाकडे? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याला बगल देऊन सूडाला नावे ठेवणे म्हणजे ढोंग होईल. चित्रपटाची सारी ताकद त्यातच आहे. ज्याच्याकडे दाद मागायची त्यानेच घर जाळले. मॅक्सिमससाठी रोममध्ये एकही खिडकी उघडी नाही. जगभरातील प्रेक्षकांनी या चित्रपटाला ४६ कोटी डॉलरच्या आसपास पैसे दिले आणि पाच ऑस्कर पुरस्कार त्याला मिळाले, ते रोमच्या इतिहासाची गोडी म्हणून खासच नव्हे. खिडकी बंद झाल्याचा अनुभव माद्रिदपासून मुखेडपर्यंत सारखाच असतो.

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात हेच घडले. कस्तुरबानगर वस्तीत अनेक वर्षे दहशत माजवणारा, बलात्कार आणि खुनांचे आरोप असलेला अक्कू यादव याला तेथे हजर केले असता जमावाने ठार केले. जमावात वस्तीतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या असे सांगितले गेले. वारंवार तक्रारी करूनही कोणी दखल घेतली नाही, आता तो पुन्हा सुटणार, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे दहा वर्षांनी, २०१४मध्ये, खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या काळात वृत्तपत्रांतून या स्त्रियांवर जो कौतुकाचा वर्षाव झाला तो मी वाचत होतो आणि अस्वस्थ होत होतो. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नव्हता, आजही नाही. त्यांनी जे सोसले ते वाचूनही अंगावर काटा येतो. अस्वस्थता निराळी होती. ज्या इमारतीत न्याय मिळायचा तिचाच आखाडा झाला, आणि याविषयी कोणाला लाज वाटण्याऐवजी टाळ्या ऐकू येत होत्या. कोणत्या ठाण्यात, कोणत्या तारखेला, कोणाच्या टेबलावर तक्रार थांबली होती, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून गेला.

उपविभागीय दंडाधिकारी म्हणून काम करताना बांधाच्या वादांतून पेटलेली भांडणे मी पुष्कळ पाहिली. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०७, जे १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२६ झाले आहे, त्याखाली शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घ्यायचे हे आमचे काम. ग्रामीण भाषेत 'चॅप्टर केस'. एक शेतकरी अशा सुनावणीनंतर थांबला आणि मला म्हणाला, "साहेब, मोजणीची तारीख नक्की सांगा. तोवर मी भावाला धरून ठेवतो." तो भावाला धरून ठेवणार होता, म्हणजे घरातल्या कोयत्यापासून दूर ठेवणार होता. मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या, आणि पुढे त्या गटावर काही घडले नाही. काही घडले नाही, एवढीच या गोष्टीची मजल. पडद्यावर हे पाच सेकंदही टिकणार नाही. पण अशा न घडलेल्या गोष्टी हेच आपले काम आहे, आणि मोजणीची तारीख तीनदा पुढे ढकलणाऱ्याला आपण कोयत्याला धार लावून देत आहोत याची जाणीव असायला हवी.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. खिडकी उघडी ठेवण्यापेक्षा आपणच तलवार घेऊन आखाड्यात उतरावे, असा मोह अधिकाऱ्याला होऊ लागला आहे. टाळ्या तिथे मिळतात. एखाद्या गुन्ह्यानंतर आरोपीचे घर दुसऱ्या दिवशी पाडायचे, त्याची चित्रफीत पसरवायची, आणि पाडणाऱ्या अधिकाऱ्याला 'सिंघम' म्हणायचे, असा प्रघात काही ठिकाणी पडला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी, आणि नियम डावलून घर पाडले तर ते पुन्हा उभारण्याचा खर्च संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल होईल, असे न्यायालयाने बजावले. सार्वजनिक रस्ता, पदपथ अशा जागांवरील अतिक्रमणांना यातून वगळले आहे, हे खरे. योगायोग असा की दोनच दिवसांनी 'ग्लॅडिएटर'चा दुसरा भाग भारतात प्रदर्शित झाला. माझ्या परिचयाच्या काही तरुण अधिकाऱ्यांनी चित्रपट पहिल्या आठवड्यात पाहिला. निकाल किती जणांनी वाचला, हे मी विचारले नाही.

राहता राहिले ते रोम. ३१ डिसेंबर १९२च्या रात्री कॉमोडसला मारले ते त्याच्याच महालातल्या मंडळींनी, पुढची पाळी आपली आहे या भीतीने. विष पुरेसे लागू पडेना तेव्हा नार्सिसस नावाच्या मल्लाकडून त्याचा गळा आवळवला. दुसऱ्या दिवसापासून सम्राट झाला पर्टिनॅक्स. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बापाचा मुलगा, एके काळचा शिक्षक, मग सैन्यात, मग प्रांताधिपती, शेवटी रोमचा नगराधिकारी. आपल्या भाषेत बोलायचे तर तळापासून बढती घेत वर आलेला. त्याने खजिना उघडला तर आत दहा लाख सेस्टर्स, म्हणजे कॉमोडसची आखाड्यातील एका दिवसाची रक्कम. राजमहालातील चैनीच्या वस्तूंचा त्याने लिलाव केला. पडीक जमीन जो कसेल त्याला ती देऊन दहा वर्षे कर माफ केला. नदीच्या उतारांवरचे, बंदरांतले जकातनाके उठवले. सरकारी मालमत्तेवर स्वतःचे नाव घालू दिले नाही. या शेवटच्या हुकमाची प्रत प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात लावावी असे मला फार वाटते.

रक्षकदलाला हे शिस्तीचे राज्य रुचले नाही. २८ मार्च १९३ रोजी दोन-तीनशे शिपाई महालात घुसले. पळण्याऐवजी पर्टिनॅक्स त्यांच्याशी बोलायला पुढे गेला आणि मारला गेला. त्याचा कारभार ८७ दिवसांचा. त्याच दिवशी रक्षकदलाने आपल्या छावणीत साम्राज्य लिलावाला काढले. तटाच्या आत एक बोली लावणारा, बाहेर दुसरा. डिडियस ज्युलिएनसने शिपायामागे पंचवीस हजार सेस्टर्सची बोली करून ते घेतले आणि सुमारे दोन महिन्यांत तोही मारला गेला.

हा लिलाव पडद्यावर आलेलाच नाही असे नाही. अँथनी मान यांचा १९६४चा 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' हा कॉमोडसवरचाच चित्रपट. त्यातही सेनापती कॉमोडसला मारतो. पण त्यानंतर सैनिक गादीची बोली पुकारतात आणि नायक पाठ फिरवून निघून जातो. चित्रपट सपशेल आपटला, निर्माते सॅम्युअल ब्रॉन्स्टन यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. छत्तीस वर्षांनी तीच कथा लिलाव वगळून सांगितली गेली आणि ती जगाने उचलून धरली.

हल्ली वर्ग घ्यायचा झाला तर मी 'ग्लॅडिएटर'चा आरंभ दाखवत नाही. शेवट दाखवतो, मग १९६४च्या चित्रपटाचा शेवट, आणि मुलांना एक कागद देतो. तारीख १ जानेवारी १९३. तुम्ही पर्टिनॅक्सचे सचिव आहात. खजिन्यात दहा लाख सेस्टर्स आहेत आणि रक्षकदलाला माणशी बारा हजार कबूल केलेले आहेत. पहिली टिपणी कोणत्या विषयावर मांडाल? मागील वर्गात बहुतेकांनी रक्षकदलाच्या बक्षिसावर लिहिले, काहींनी कॉमोडसच्या हस्तकांच्या चौकशीवर. एका मुलीने ग्रीक वस्तीतील सांडपाण्यावर दीड पान लिहिले होते. खर्चाचा अंदाज जोडला होता आणि साथीचे रुग्ण मोजायला कोणाला पाठवायचे तेही नमूद केले होते. तिला मी विचारले, रक्षकदल ऐकेल का? ती म्हणाली, "सर, त्यांची घरेही त्याच शहरात असतील ना."